डिलीट करण्याआधी

२०२२ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लागले आणि त्यांनी मिळून ४ कोटी ७० लाख ८१ हजार ८८१ फोटो काढले. वाघ होता त्यातल्या ९७,३९९ फोटोंत, म्हणजे साधारण ४८० फोटोंमागे एकात. त्याआधीच्या, २०१८ च्या गणनेत २६,८३८ ठिकाणांहून ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३ फोटो आले होते, त्यात वाघाचे ७६,६५१. चार वर्षांत कॅमेऱ्यांच्या जागा एक पंचमांशाने वाढल्या आणि फोटो एक तृतीयांशाहून थोडे अधिक. असे आकडे बातमीत येतात तेव्हा त्यांचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. २०१८ च्या गणनेची तर गिनीज बुकात नोंद झाली. पण कॅमेऱ्यातलं कार्ड काढून संगणकात घातल्यावर जे काम सुरू होतं, त्याची बातमी होत नाही. फोटो उघडायचा, त्यात काय आहे ते ठरवायचं, त्या त्या फोल्डरमध्ये टाकायचा, नको असेल तर उडवायचा आणि पुढचा उघडायचा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात हे काम आता चार वर्षांतून एकदा येणारं राहिलेलं नाही. ताडोब्यात गणनेचं वर्ष नसलं तरी कॅमेरे लागतात. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, वडसा या भागांत एखाद्या गावाजवळ वाघ फिरू लागला किंवा माणूस दगावला, की लगेच लागतात. राज्यात २००६ मध्ये १०३ वाघांचा अंदाज होता, २०२२ मध्ये तो ४४४ वर गेला, आणि या वाढीचा मोठा भार एकट्या चंद्रपूर जिल्ह्याने उचलला आहे. वाघ वाढले तसे फोटो वाढले, आणि फोटो वाढले तशी डिलीटचं बटण दाबायची घाईही वाढली.

या घाईबद्दलच मला लिहायचं आहे. हे काम करताना पुन्हा पुन्हा जाणवतं ते असं, की आपला हात ज्या फोटोंवर सहज चालतो तेच बऱ्याचदा ठेवण्याजोगे असतात, आणि जे आपण जिवापाड जपतो त्यांच्यावाचून जंगलाचं काही अडत नाही. धुरकट, अर्धवट, नुसती शेपटी आलेला, गुरांचा, रिकाम्या वाटेचा फोटो पटकन जातो. कॅमेऱ्याकडे रोखून बघणाऱ्या वाघिणीचा, अंगावर सकाळचं ऊन असलेला फोटो तीन-तीन डिस्कवर राहतो. दिसण्यावरून निवड केली की असं होणारच. निवड व्हायला हवी ती फोटो कोणत्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकतो यावरून. अडचण अशी, की तो प्रश्न पुष्कळदा फोटो निघाल्यावर दोन-चार वर्षांनी पडतो, आणि तो ज्याला पडतो तो माणूस फोटो निवडणाऱ्यापेक्षा वेगळा असतो. म्हणून काय ठेवायचं, काय काढायचं हे त्या त्या दिवशीच्या कंटाळ्यावर सोडता येत नाही. त्याचा नियम आधी लिहिलेला हवा आणि पुसण्याआधी नोंद झालेली हवी.

हे फोटो निघतात कसे, ते पाहिलं तर त्यांच्यातला केरकचरा कुठून येतो हे कळतं. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात आणि प्रत्येकात वाघाची जायची-यायची वाट, नाला, बैलगाडीचा रस्ता किंवा पाणवठा शोधून वाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, साधारण गुडघ्याच्या उंचीवर. दोन कशासाठी, तर वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एकच बाजू मिळाली तर डावीवाला आणि उजवीवाला हे दोन वाघ आहेत की एक, ते सांगता येत नाही. कॅमेऱ्यातला सेन्सर हलणारी उष्णता ओळखतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५-४६ वर असतो तेव्हा जमीन, दगड आणि जनावराचं अंग यांच्या तापमानात फरकच उरत नाही. मग होतं असं, की समोरून गेलेलं जनावर सेन्सरला कळत नाही आणि तापलेल्या गवताची वाऱ्याने हललेली काडी मात्र कळते. दुपारभर त्याच गवताचे शेकडो फोटो निघतात. त्यांना आम्ही ‘ब्लँक’ म्हणतो. कार्डावरच्या फोटोंचा मोठा भाग ब्लँकनेच भरतो आणि डिलीटचा पहिला मोह तिथेच होतो.

एखादं कार्ड उघडलं की क्रम साधारण असा दिसतो. पहिल्या फोटोत वनरक्षकाच्या हातातली पाटी, तिच्यावर खडूने चौकोनाचा नंबर, तारीख आणि कॅमेरा वाटेच्या कुठल्या बाजूचा ते लिहिलेलं. मग कॅमेरा चालतो की नाही हे बघायला वाकून समोरून चालणारा मजूर. मग गवत, गवत, पुन्हा गवत. सकाळी गुरांचे पाय, गळ्यातलं लाकडी लोढणं, मागे गुराख्याची काठी. मोहफुलांच्या दिवसांत टोपल्या घेतलेल्या बाया. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर असल्याने जवळून जाणारी बाई कमरेखालीच येते, लांबची पूर्ण दिसते. रात्री चितळांचे पांढरे चमकणारे डोळे, एखादी रोही, रानडुकरांचा कळप, कधी साळिंदर. आणि या सगळ्यात कुठेतरी एका फोटोत पिवळ्या अंगाचा एक तुकडा, पुढच्यात फक्त शेपटी, आणि समोरच्या कॅमेऱ्याच्या कार्डावर त्याच मिनिटाला, फ्लॅशने पांढरी पडलेली पूर्ण उजवी कूस. सुटा बघितला तर तो तुकडा निरुपयोगी. समोरच्या कार्डाशी वेळ जुळवून ठेवला तर तोच डावीचा पुरावा, कारण तुकड्यावर दिसणारे तीन-चार पट्टे पुढे दुसऱ्या चौकोनातल्या डाव्या कुशीशी मिळवून बघता येतात. डाव्या कार्डाची सफाई एकाने आणि उजव्याची दुसऱ्याने केली, तर हा धागा तुटतो, आणि तुटला हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आता वाघाच्या फोटोंचाच हिशेब घेऊ. २०२२ मध्ये ९७,३९९ फोटोंतून वर्षावरच्या वयाचे ३,०८० वेगवेगळे वाघ ओळखले गेले. सरासरीने एका वाघाचे एकतीस-बत्तीस फोटो. २०१८ मध्ये ७६,६५१ फोटोंतून २,४६१ वाघ ओळखले होते. तिथेही सरासरी एकतीसच. ओळख पटवायला एक चांगली डावी आणि एक चांगली उजवी बाजू पुरते. मग उरलेल्या एकोणतीस फोटोंचं काय करायचं? सुंदर असेल तो ठेवावा, बाकीचे काढावेत, असं सहज वाटतं. पण व्याघ्रगणनेचं आजचं गणित नुसतं डोकी मोजत नाही. एकच वाघ कुठल्या कुठल्या चौकोनात आणि किती वेळा आला, दोन जागांमध्ये अंतर किती, यावरून त्याचा वावर किती दूरवर आहे ते काढतात, आणि त्यातून कॅमेऱ्यात न आलेल्या वाघांचा अंदाज बांधतात. या गणितात ते एकोणतीस फोटो एकेक ठिकाण आणि एकेक वेळ सांगणारे साक्षीदार असतात. त्यातला सगळ्यात धुरकट फोटो टोकाच्या चौकोनातला असेल, तर सर्वात सुबक फोटोपेक्षा त्याचं वजन जास्त. पट्ट्यांची ही ओळख आणि पुनर्भेटीचं गणित १९९० च्या दशकात उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातल्या नागरहोळेत वापरून दाखवलं. सरिस्क्यात एकही वाघ उरलेला नाही हे २००५ मध्ये उघड झाल्यावर पगमार्कवरून वाघ मोजायची जुनी पद्धत मागे पडली आणि २००६ पासून देशभर कॅमेऱ्यावर भर आला. पावलाच्या ठशावर विश्वास उडाला, कारण तो ठसा दुसऱ्याला पुन्हा तपासता येत नव्हता. फोटो पुन्हा तपासता येतो, पण तो ठेवलेला असेल तरच.

पुन्हा तपासता येणं म्हणजे काय, याचं एक उदाहरण गणनेच्याच इतिहासात आहे. २०१४ च्या गणनेत ओळखलेल्या वाघांच्या फोटोंची २०१९ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने छाननी केली आणि काही वाघ दोन-दोनदा मोजले गेल्याचं दाखवून दिलं. त्यावर वाद झाला. माझ्या मते त्या वादातली मोलाची गोष्ट अशी, की तो होऊ शकला. पट्टे कागदावर होते, बाहेरचा माणूस दोन फोटो शेजारी ठेवून ‘हा तोच’ असं म्हणू शकला. संख्येसोबत फोटो नसते तर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, एवढंच लोकांच्या हातात राहिलं असतं.

आपल्याकडची दोन उदाहरणं याहून ठळक आहेत. २०२३ मध्ये ओडिशाच्या गजपती जिल्ह्यात, महेंद्रगिरीच्या जंगलात एक वाघ फिरताना दिसला. तिथे वाघ नसल्यातच जमा, त्यामुळे हा आला कुठून असा प्रश्न पडला. तिथल्या वन विभागाने फोटो डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेकडे पाठवले, आणि पट्टे जुळले ते ब्रह्मपुरीच्या वाघाशी. चार राज्यांतून सुमारे दोन हजार किलोमीटर चालून तो तिथे पोचला होता. त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर नव्हती. त्याचा सगळा प्रवास सिद्ध झाला तो ब्रह्मपुरीच्या कुठल्याशा वाटेवर निघालेल्या आणि नंतर कुणी न उडवलेल्या फोटोवरून. तो फोटो निघाला तेव्हा हा वाघ पूर्व घाट गाठेल असा विचारही कुणी केला नसेल. दुसरं उदाहरण सीटी-१ या वाघाचं. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या पट्ट्यात १३ माणसांच्या मृत्यूला हा एक वाघ कारण ठरला असं मानलं गेलं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याला वडसा वनविभागात बेशुद्ध करून पकडलं. अशा वेळी गावात संताप असतो, वन विभागावर दडपण असतं, आणि त्याच जंगलात आणखी तीन-चार वाघ वावरत असतात. चुकीचा वाघ पकडला गेला तर दोष नसलेलं जनावर जन्मभर पिंजऱ्यात जातं आणि खरा वाघ रानात राहतो. पुढचा बळी मग अटळ. घटनेच्या जागी लावलेल्या कॅमेऱ्यात जे येतं ते रात्रीचं, घाईतलं, अर्धवट असतं. ते जुळवायला जुन्या डिस्कवरच्या सगळ्या कुशी लागतात, चांगल्या आणि वाईटही. तीन जिल्ह्यांत विखुरलेल्या तेरा मृत्यूंमागे वाघ एकच आहे, असं म्हणायला तीन वनविभागांचे फोटो एकमेकांशी ताडून बघता यायला हवेत. कुणा एकाने आपली डिस्क ‘साफ’ केली असेल तर साखळीतली कडीच नाही.

याच्या उलट टोकाला माया. ताडोब्याच्या पांढरपौनी भागातली ही वाघीण, टी-१२. देशातल्या सर्वाधिक टिपल्या गेलेल्या वाघिणींत तिची गणना होते, तिचे फोटो पर्यटकांच्या फोनपासून मासिकांच्या मुखपृष्ठांपर्यंत सगळीकडे आहेत. ऑगस्ट २०२३ नंतर ती दिसेनाशी झाली. पुढे जंगलात वाघाचे अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीतून ते तिचेच असल्याचं कळलं. या सगळ्या सुंदर फोटोंचा तिच्या शेवटच्या दिवसांबद्दल काही सांगायला उपयोग झाला नाही, कारण ते सगळे त्याच त्या पाणवठ्यावरचे, त्याच त्या रस्त्यावरचे, पर्यटनाच्या वेळेतले होते. पर्यटकाने आपल्या आनंदासाठी हवे तेवढे फोटो ठेवावेत, त्यात वावगं काही नाही. पण त्याची आवड आमच्या कामाचं माप होता कामा नये, आणि तसं होताना दिसतं. वरिष्ठांना पाठवायला, अहवालाच्या मुखपृष्ठावर घालायला चांगला फोटो हवा असतो, म्हणून ‘बेस्ट’ नावाचं फोल्डर तयार होतं, त्याच्या प्रती निघतात, आणि डिस्क भरली की मूळ फोल्डरवर कुऱ्हाड पडते. ‘बेस्ट’मध्ये गेलेल्या फोटोचं मूळ नाव बदललेलं असतं, त्यामुळे तो कुठल्या कॅमेऱ्यातला, कुठल्या चौकोनातला, हेही कळत नाही. राहतं ते चित्र, नोंद निघून जाते.

नोंद हरवण्याचे मार्ग साधे असतात, म्हणूनच धोक्याचे. कॅमेऱ्याचे सेल बदलले की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मूळ तारखेवर जातं आणि या उन्हाळ्यातल्या फोटोंवर कित्येक वर्षांपूर्वीची एक जानेवारी उमटते. तारखेनुसार लावल्यावर हे फोटो यादीच्या तळाशी जातात, आणि जुने म्हणून सगळ्यात आधी उडतात. पाटीचा फोटो ठेवला असेल तर घड्याळ किती मागे होतं ते काढून सगळ्या वेळा दुरुस्त करता येतात. पाटीच उडवली तर काहीच करता येत नाही. फोटोंचे नंबर प्रत्येक कॅमेऱ्यात पहिल्यापासून सुरू होतात. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की संगणक विचारतो, या नावाची फाइल आहे, तिच्या जागी ही ठेवू का? दमलेला माणूस ‘हो’ म्हणतो. गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, जिथे नेटवर्क धड नाही आणि जिथे नक्षलवादामुळे वर्षानुवर्षं मोकळेपणाने फिरणंच अवघड होतं, तिथून एक कार्ड कार्यालयापर्यंत यायलाच मोठी यातायात पडते. ते असं एका ‘हो’मध्ये जाणं मला फार लागतं. फोल्डरच्या नावात चौकोन, बाजू आणि कार्ड काढल्याची तारीख एवढं आलं आणि मूळ प्रतीला हात न लावता नकलेवर काम केलं, तर हे जवळजवळ सगळं टळतं. याला पैसा लागत नाही, शिस्त लागते.

मग ब्लँकही जपायचे का? नाही. इथे मी सगळं ठेवा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा नाही. गवताच्या हजारो फोटोंना कुठल्याच प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, एक सोडून: त्या दिवशी कॅमेरा चालू होता का? हा एक प्रश्न मात्र फार मोठा आहे. वैनगंगा ओलांडून वाघ गडचिरोलीत पसरत आहेत. तिथल्या एखाद्या चौकोनात वाघ आला नाही असं लिहिताना, कॅमेरा पंचवीस दिवस चालला आणि वाघ आला नाही, की सहाव्या दिवशी रानडुकराने कॅमेरा पाडला आणि उरलेले दिवस तो आभाळाचे फोटो काढत राहिला, हे वेगळं सांगता आलं पाहिजे. पहिल्यात वाघ नाही असं म्हणायला थोडा आधार आहे, दुसऱ्यात काहीच नाही. ब्लँक सरसकट उडवले की हे दोन्ही चौकोन सारखेच रिकामे दिसतात, आणि मग वनखात्याच्या नकाशावर ‘वाघ नाही’ असं छापलेल्या जागी गावकरी निर्धास्त जातात. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्याचा दिवसवार तक्ता आधी करायचा: कधी सुरू झाला, कधी बंद पडला, कुठल्या दिवशी किती फोटो आले. रोजचा एक फोटो साक्षीला ठेवायचा. त्यानंतर ब्लँक बिनधास्त काढावेत. चितळ, रानडुक्कर, रोही यांच्या लांबलचक मालिकांचंही असंच. एका कळपाच्या लागोपाठच्या फोटोंतून सगळ्यात जास्त जनावरं दिसणारा एक ठेवला आणि आकडा तक्त्यात लिहिला, की बाकीच्यांचं काम संपलं. फक्त वाघ, बिबट्या आणि तडस यांचा एकही फोटो काढून टाकू नये, कितीही खराब असला तरी. अंगावरच्या खुणांवरून ज्यांची ओळख पटते त्यांच्या बाबतीत निकामी फोटो कोणता, हे आज ठरवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की हार्ड डिस्क आता स्वस्त आहे, मग काढायचंच कशाला? एक फोटो एक-दोन एमबीचा धरला तर २०२२ चा सगळा साठासुद्धा पन्नास ते शंभर टीबीत बसेल. एका जिल्ह्याचं तर काहीच नाही. हा हिशेब बरोबर आहे, पण तो जागेचा आहे. महाग पडते ती माणसाची नजर. कुणीही न उघडलेली डिस्क आणि नसलेली डिस्क यांत अडचणीच्या रात्री फरक राहत नाही. गावात माणूस मारला गेला, सकाळपर्यंत वाघ कोणता ते सांगायचं आहे, आणि समोर न निवडलेल्या लाखो फोटोंचा ढीग आहे: अशा वेळी ‘आमच्याकडे सगळं आहे’ या म्हणण्याला अर्थ नसतो. शिवाय डिस्कही मरतात, न सांगता मरतात. ढीग जितका मोठा तितकी त्याची दुसरी प्रत ठेवायची टाळाटाळ जास्त. मला एका इमारतीतल्या एका कपाटातल्या दहा डिस्कपेक्षा दोन वेगवेगळ्या गावांत ठेवलेल्या, वर्षातून एकदा उघडून बघितलेल्या दोन डिस्क अधिक भरवशाच्या वाटतात. आणखीही एक गोष्ट. या फोटोंसोबत जागेचे अक्षांश-रेखांश असतात. २०२५ च्या जानेवारीत राजुऱ्याकडे वाघांची शिकार करणारी टोळी पकडली गेली. अशा लोकांना कुठल्या वाटेवर कुठला वाघ कधी येतो याची यादी आयती मिळणं किती भयंकर आहे, हे वेगळं सांगायला नको. सगळं सगळ्यांकडे ठेवणं म्हणजे सुरक्षित ठेवणं नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: हे सगळं आता यंत्र करेल. करतंच आहे. गणनेसाठी फोटोंतली जनावरं ओळखून वेगळी करणारं कॅटरॅट हे सॉफ्टवेअर वापरात आहे, पट्टे जुळवायला वेगळं आहे. रिकामे फोटो बाजूला काढण्याचं महिन्यांचं काम यंत्र काही तासांत करतं. त्याचं मला मनापासून स्वागत आहे; ब्लँक बघून डोळे शिणवण्यात कसलंही पुण्य नाही. पण यंत्र जे खूप वेळा बघतं तेच चांगलं ओळखतं. चितळ, सांबर, वाघ यात ते सहसा चुकत नाही. खवल्या मांजर, वाघाटी, चांदी अस्वल, म्हणजे ज्यांचे फोटो मुळात कमी आणि अंग लहान, त्यांना ते गवत समजण्याची शक्यता सर्वात जास्त. आणि नेमक्या याच प्राण्यांबद्दल आपल्याला सगळ्यात कमी माहिती आहे. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. त्याआधी इथल्या रानवाटेवरच्या कॅमेऱ्यात रानहत्ती येईल असं ना माणसाला वाटत होतं, ना यंत्राला तसं शिकवलेलं होतं. गुडघ्याच्या उंचीवरच्या कॅमेऱ्यात हत्ती आला तर तो काय दिसेल? करड्या रंगाची एक भिंत. यंत्राने बाजूला काढलेल्या ‘रिकाम्या’ फोटोंतले काही थोडे, कसेही उचलून, माणसाने पाहायचे, आणि त्यात एक जरी जनावर निघालं तर पूर्ण फोल्डर पुन्हा तपासायचं, एवढी एक पायरी ठेवली तर यंत्राचा वेग आणि माणसाची शंका दोन्ही कामी येतात. ही पायरी वगळून थेट डिलीट करायची मुभा यंत्राला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता माणसांचे फोटो. इथे माझं म्हणणं वाघाच्या अगदी उलट आहे. इथे ठेवण्याची घाई आहे आणि काढायला हवं. २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या कॉर्बेटच्या परिसरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जनावरांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे जंगलात जाणाऱ्या बायका कशा धास्तावतात, गाणं-बोलणं कसं बंद करतात, आणि एका बाईचा नको त्या अवस्थेतला फोटो कसा गावात फिरला, हे त्यात नोंदवलं आहे. बोलणं बंद होणं ही जंगलात साधी गोष्ट नाही. माणसांचा आवाज ऐकून वाघ-अस्वल बाजूला होतं, हे इथल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत हा प्रश्न त्याहून थेट आहे. मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला अख्खी गावं रानात असतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने हा त्यांचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये. म्हणजे कॅमेऱ्यात आलेली बाई तिथे चोरून आलेली नसते, ती आपल्या रानात असते. तिला न विचारता निघालेला तिचा चेहरा अनोळखी माणसांच्या डिस्कवर वर्षानुवर्षं का असावा?

वनरक्षकांचं यावर म्हणणं असतं, आणि ते ऐकून घेण्यासारखं आहे: माणसांच्या फोटोंतच शिकारी सापडतात, सागवान तोडणारे सापडतात, कॅमेरे चोरणारे सापडतात. खरं आहे. पण ज्या फोटोचा गुन्ह्याशी संबंध आहे तो कार्ड उघडल्या आठवड्यातच ओळखू येतो. खांद्यावर बंदूक किंवा हातात तारेचा फास लपत नाही. असे फोटो वेगळे काढून जबाबदार अधिकाऱ्याकडे, सही घेऊन द्यावेत. उरलेल्यांबाबत ‘पुढेमागे लागतील’ हे कारण मला पटत नाही, कारण पुढेमागे ते ज्या कामाला लागतील ते काम चेहऱ्याशिवाय होतं. त्या फोटोतलं मोलाचं काय आहे? किती माणसं, कुठल्या वाटेने, किती वाजता. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. अशा वाटेवर वाघाच्या वेळा आणि माणसांच्या वेळा एका तक्त्यात शेजारी मांडल्या, तर कुठली वाट कुठल्या वेळी टाळावी हे हंगामापूर्वीच ग्रामसभेत सांगता येईल. त्यासाठी आकडा आणि वेळ लागते, नाक-डोळे लागत नाहीत. तेव्हा माणसं मोजून तक्त्यात लिहायची, फोटो मूळ प्रतीतून आणि सगळ्या नकलांतून काढायचे, आणि ते काढल्याची नोंद ठेवायची. ती नोंद गावालाही बघता यावी.

यंत्राचा आणि डिस्कचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. अवघड आहे तो माणसांचा. वनखात्यात बदल्या होतात, संशोधन प्रकल्प तीन-चार वर्षांत संपतात, फोटो निवडायला घेतलेली मुलं कंत्राटी असतात आणि दुसरी नोकरी मिळाली की जातात. फोल्डरची नावं कुणी काय विचाराने दिली, हे त्यांच्यासोबत जातं. म्हणून नियमाचा कागद डिस्कवरच, सगळ्यात वरच्या फोल्डरमध्ये, मराठीत हवा: काय ठेवलं, काय काढलं, कुणी, कधी, कुठल्या तक्त्यात नोंद करून. कॅमेरे विकत घेण्याचा प्रस्ताव होतो तेव्हाच फोटो निवडणाऱ्या निदान दोन माणसांचा पुढच्या काही वर्षांचा पगार त्यात धरलेला असावा. स्थानिक मुलामुलींनाच हे काम द्यावं असं मी म्हणेन. मोहाच्या हंगामात कुठली वाट भरलेली असते, कुठल्या नाल्यात एप्रिलपर्यंत पाणी टिकतं, हे ज्याला माहीत आहे तो धुरकट फोटोत अस्वलाची पाठ आणि जळका बुंधा यातला फरक चटकन ओळखतो. आणि आपल्याच गावातल्या मावशीचा फोटो समोर आला की तो ठेवायचा की काढायचा, हेही त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागत नाही.